करंगळीवरचा लेप

माझ्या पायाची बोटं जांभळी पडली होती आणि भागरताबाई एकेक नख दाबून बघत होत्या. दाबलं की नख पांढरं व्हावं, सोडलं की लाल. माझं काहीच होत नव्हतं.

"दुखते का?"

"आता नाई दुखत," मी म्हणाले. मला वाटलं, बरं होतंय. त्यांचा चेहरा उतरला.

"दुखत होतं तेच बरं होतं."

बैलबंडी उलटून माझं नडगीचं हाड मोडलं होतं. स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. दवाखाना चांद्याला; तिथं पोचेपर्यंत पाय राहिला नसता. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात हाड बसवायच्या त्या भागरताबाईच. नवरा तलावावर जाळं टाकायचा, त्या उडदाचं पीठ आणि धावड्याचा डिंक कालवून लेप लावायच्या, वरून बांबूच्या कामट्या. आदल्या पावसाळ्यात लेप मऊ पडून एकाचं हाड वाकडं जुळलं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं आणि माझ्या लेपात डिंक वाढवला. पण दिवस वैशाखाचे. लेप वाळून आवळला, दगड झाला. आत पाय सुजत होता.

सासू दारात आडवी उभी राहिली. "बाई, अवसेआधी लेप सोडत नाईत, पानी लागू देत नाईत. तुमीच सांगतलं होतं."

"सांगतलं होतं. हाडाचं मंग पाहू, आधी पाय राहू दे. पानी तापव."

"अन् लंगडी झाली तं?"

"तं माह्या नावानं बोटं मोड. पानी आन."

डिंक पाण्यानं सुटतो, पण सावकाश. त्या कोमट पाण्यानं लेप भिजवत होत्या, विळ्याच्या टोकानं खरवडत होत्या. धीर देणं त्यांना जमत नसे. "विळा धारेचा हाय, लागन. हालू नोको," म्हणाल्या. लेप उकलला तसा पाय असा ठणकला की मी सासूच्या दंडाला चावले.

"आता बोंबल," भागरताबाई म्हणाल्या आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. "आता चांगलं हाय."

त्यानंतर त्यांनी लेपाचा पिच्छाच धरला. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस डिंकात घालू लागल्या. तो लेप वाळला तरी थोडा लवायचा. प्रत्येक नवा लेप आधी स्वतःच्या डाव्या करंगळीवर. ती करंगळी वर धरून भाकऱ्या थापायच्या. बाया हसल्या की म्हणायच्या, "मासोळीचा रस्सा आधी मीच चाखून पायतो ना? मंग हे काऊन नाई?" कुणाचं हाड बांधल्यावर मात्र सूर्य डोक्यावर असो की कलता, पुन्हा पुन्हा येऊन नख दाबत. लोक कंटाळायचे. त्या यायच्याच.

सारखे लेप लावून ती करंगळी शेवटी ताठच राहिली. पुढं त्या तापानं गेल्या. सासूही गेली.

माझं हाड थोडं वाकडं जुळलं, पायाचं धाकटं बोट गळालं. मी आहे. त्याच पायानं चालते.