चार नळ्या रक्त

"हा लुपस आहे," डॉक्टर म्हणाले. मी पहिला प्रश्न विचारला, "मग मैदानावर कधी जाता येईल?"

मी वणीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे असतो. त्याआधीचे पाच-सहा महिने सकाळी बोटं आखडलेली असायची, शिट्टीसुद्धा धरवत नसे. केस गळत होते. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला होता. आई म्हणायची, "उन्हात फिरून फिरून करपून गेली तू." मलाही तेच वाटलं. पण पुढे तापही येऊ लागला आणि हटेना, तेव्हा यवतमाळला आणि तिथून नागपूरला पाठवलं.

तिथे एएनए नावाची रक्ततपासणी झाली. शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतंय का, याचा अंदाज तिच्यातून येतो. लुपस हा ऑटोइम्यून आजार आहे. जी रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, तीच आपल्या सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडावर उलटते. तो कुणाला लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शाळेत माझा पेला वेगळा ठेवणारी माणसं मी पाहिली.

स्टेरॉइड सुरू झालं. बोटं सुटली, पण चेहरा सुजला.

त्याच रुग्णालयात एक डॉक्टर मॅडम लुपसवर संशोधन करत होत्या. हा आजार काहींच्या अंगात शांत का राहतो आणि काहींच्यात का उसळतो, हे त्या रक्तातल्या पेशींमध्ये शोधत होत्या. त्यांना माझं दर तीन महिन्यांनी चार नळ्या रक्त आणि थोडी लघवी हवी होती.

आई भडकली. "हिच्या अंगात आधीच रक्त नाई, अन् तुमाले अजून कायले पायजे?"

मॅडम खुर्ची ओढून आईजवळ बसल्या. "मावशी, हिला याचा फायदा होईलच, असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हटलं तरी औषधं अशीच चालू राहतील."

आईने मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला म्हणाली, "खोटं नाई बोलली बाई. दे रक्त."

तिसऱ्या खेपेला माझी तब्येत झकास होती. नमुने देऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. लघवीतून प्रथिनं जात होती.

"पण मला काहीच त्रास नाही," मी म्हटलं.

"सुरुवातीला होतच नाही. उद्याच या."

मूत्रपिंडाची बायोप्सी केली, म्हणजे पाठीतून सुई घालून बारीकसा तुकडा तपासायला काढला. नंतर कितीतरी तास उताणं पडून राहायचं होतं. आई चमच्याने पाणी पाजत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला मरणाची भीती वाटली. रिपोर्ट आला: सूज आहे, पण कायमची इजा झालेली नाही. वेळेवर सापडलं होतं.

औषधं वाढली. वर्षभर कधी मळमळ, कधी ताप. हळूहळू प्रथिनं जायची जवळजवळ थांबली.

एकदा मी मॅडमना विचारलं, "माझ्या रक्तात काय सापडलं?" त्यांनी संगणकावर ठिपकेच ठिपके दाखवले. प्रत्येक ठिपका म्हणजे माझी एक पेशी. "थोडंसं कळलंय," त्या म्हणाल्या. "पूर्ण उत्तर कदाचित मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच कुणाला मिळेल." आणि हसून पुढच्या कामाला लागल्या. मी मात्र त्या ठिपक्यांकडे बघत बसले. जिंकलो तरच खेळलो, असंच मी आजवर मुलींना शिकवलं होतं.

तुम्हाला हा आजार निघाला, तर मनाने गोळ्या बंद करू नका. बरं वाटत असलं तरी लघवीची तपासणी चुकवू नका. उन्हाने हा आजार उसळतो, म्हणून मी आता सराव सकाळी सहाला घेते, ऊन चढायच्या आत.

मागच्या महिन्यात यवतमाळला स्पर्धेत आम्ही एका गुणाने हरलो. पूर्वी मी दोन दिवस कुणाशी बोलले नसते. या वेळी परतताना गाडी थांबवून सगळ्यांसाठी गरम आलुबोंडे घेतले. मुली माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मॅडम, तुमाले राग नाई आला?" एकीने भीत भीत विचारलं.

"आला ना," मी म्हटलं. "पण भूक जास्त लागली."