तालुक्यातला सगळ्यात उंच माथा

आमच्या तालुक्यातलं सगळ्यात उंच ठिकाण कोणतं, हे मी आठ वर्षं भूगोलाच्या तासाला मुलांकडून घोकून घेत होतो. स्वतः मात्र तिथं कधी गेलो नव्हतो. सोलापूर जिल्हा म्हणजे बहुतेक सगळा माळ, चढायची हौस कुणाला असणार? म्हणूनच आणीबाणीतल्या त्या हिवाळ्यात एका शनिवारी आमचे ड्रिलचे सर म्हणाले की उद्या सकाळी त्या डोंगरावर जाऊ, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण साधं होतं. हेडमास्तरांनी प्रत्येक शिक्षकाला नसबंदीच्या दोन केसेस आणायला सांगितलं होतं, नाहीतर बदली. मला तीन मुलं, म्हणजे मी स्वतःच चालतीबोलती केस. ऑपरेशनच्या नावानंच मला घाम फुटायचा आणि हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. माझ्या दोन केसेस कशाबशा भरल्या होत्या, ड्रिलच्या सरांची एक अजून भरायची होती. हा गडी मला डोंगरावर नेतोय की ऑपरेशनच्या शिबिरात?

नाही म्हणावं तर मी घाबरलो हे दिसणार, म्हणून निघालो. वाटेत त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. एवढं प्रेम कशाला उतू चाललंय, असं मला झालं. फाट्यावर ते डावीकडे वळले तसा मी थबकलो, कारण शिबिरही त्याच अंगाला होतं. पण ती डोंगराचीच पायवाट निघाली. ते सारखे मागं वळून रस्त्याकडे बघत, म्हणून मीही बघत होतो.

माथ्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. पायथ्याच्या गावातले बाप्ये. नसबंदीला माणसं धरून नेणाऱ्या जीपचा धुरळा इथून लांबूनच दिसतो, म्हणून ते रोज भाकरी बांधून वर येऊन बसत. आम्हाला पाहून सगळे उठले. एकाच्या हातात दगड होता.

"मास्तर, आमास्नी न्यायला आलाय न्हवं?"

आम्ही पण लपायलाच आलोय, असं सरांनी सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तेवढ्यात कुणीतरी खाली बोट दाखवलं. एक जीप आमच्या गावात शिरली आणि शाळेमागच्या बिऱ्हाडापाशी थांबली. तिथं मीच राहत होतो.

"माझं नाव कुणी दिलं?" मी ड्रिलच्या सरांना विचारलं.

"मीच दिलं, सर. बदली झाली तर अक्कलकोटला आईला बघणारं कोण हाय? पण दिल्यापासून जेवण जाईना."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच वेळी आपण इथं वर आहोत याचं बरंही वाटत होतं.

पुढं निवडणुका लागल्या, जीप यायची बंद झाली आणि मी सुटलो. पण त्याआधीच, ती एक केस भरली नाही म्हणून, सरांची बदली झाली होती. त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर स्टाफमधून मी एकटाच गेलो. गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो, आणि तुम्हाला माफ केलं, एवढं म्हणायला काही माझं तोंड उघडलं नाही.