आम्ही पाणबुड्यांसाठी बोट निवडली

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत फाटकी जाळी आणि किस्से, दोन्ही साचत जातात. जाळी कोणीतरी कधीतरी विणून घेतं. किस्से तसेच पडून राहतात. मी या सोसायटीची अध्यक्ष. शाळेचं तोंड पाहिलं नाही, सुके मासे बांधायच्या रद्दी पेपरावर अक्षरं शिकले. त्यामुळे कागदावर काय लिहिलंय हे मला कोणाकडून वाचून घ्यावं लागत नाही, आणि बरंचसं दुःख तिथूनच येतं.

तर, आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. ते पाहायला नागपूरची काही मंडळी पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून यायला लागली. त्यात ऋचा नावाची एक मुलगी पुढारी. मग पर्यटनाचे साहेब चंद्रपूरहून आले आणि म्हणाले, "बाई, पावसाळ्याआधी या लोकांसाठी योग्य बोट ठरवा. ठरवली तर हे स्कूबाचं काम आणि तलावातली मासेमारी, दोन्ही सोसायटीकडे. नाही तर दोन्ही शहरातल्या ठेकेदाराकडे."

तलाव गेला तर आमची चाळीस घरं काय करतील, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हात पसरायची मला सवय नाही.

*

पहिली बोट ट्रायलला आली ती समुद्राकडची. पांढरीशुभ्र, बूड निमुळतं आणि खोल. आमच्या पोरांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढले.

धरण बांधलं तेव्हा आमच्या तलावात जंगल न तोडताच पाणी भरलं होतं. उन्हाळ्यात झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभरावर येतात. बोट घाटापासून जरा पुढे गेली आणि एका बुंध्यावर बसली ती बसलीच. मी विकणाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, ही बोट वादळातसुद्धा चालते."

"चालत असन. तुमच्या समुद्रात सागाची झाडं उभी रायतात का?"

त्याने फोन ठेवला. बोट सोडवायला दिवस गेला.

*

ऋचा म्हणाली, बोटीला शिडी हवी. गणपतभाऊ आमचा सगळ्यात जुना नावाडी. तो हसला. "ज्याले चढता येत नाई तो पाण्यात उतरतेच काऊन?"

मी म्हटलं, "भाऊ, तू दाखव मग."

त्याच्या पाठीवर सिलिंडर बांधला, कमरेला शिशाचा पट्टा दिला. कमरेइतक्या पाण्यात उभं करून बोटीत चढायला सांगितलं. त्याने काठ धरला, एक पाय टाकला आणि तसाच लटकला. ना वर, ना खाली. बायका धुणं सोडून बघायला आल्या. त्याची बायकोही होती.

"उतरवू का तुमाले?" ती म्हणाली.

गणपतभाऊ लटकल्या जागेवरूनच बोलला, "लिहा वो बाई. शिडी पायजे."

*

पुढचा किस्सा मी साहेबांना सांगितला नाही, आता सांगून टाकते.

ऋचा खाली गेलेली. गणपतभाऊ वर, डोंग्यात, म्हणजे एका लाकडात कोरलेल्या आमच्या होडीत. पाण्यावर बुडबुडे यायला लागले. आता आमच्याकडे बुडबुडा दिसला की हात आपोआप जाळ्याकडे जातो. बापानं शिकवलेलं, त्याला आज्यानं. गणपतभाऊने उभं राहून जाळं फेकलं, आणि फेकलंही असं सुंदर की गोल कुठेच मोडला नाही.

ऋचाने चाकूने जाळं कापलं म्हणून वाचली. ती वर आली. गणपतभाऊ म्हणाला, "पोरी, येवढे बुडबुडे मोठ्या मरळ माशाचेच रायतात."

त्या दिवसापासून आम्ही नियम केला. माणसं खाली असली की एकजण वर नुसता बसेल, बुडबुड्यांवर डोळा ठेवून. जाळं घरी. आमच्या माणसांना याहून कठीण काम मी आजवर दिलेलं नाही.

*

तरी ऋचा परत आली. येऊन तिने काय हवं ते सांगितलं. बूड सपाट, काठ खुजा, सिलिंडर मांडायला जागा, आणि चारजण एका बाजूला आले तरी कलंडू नये.

"म्हणजे दोन डोंगे बांधून टाका," गणपतभाऊ म्हणाला. एटापल्लीकडे पावसाळ्यात नदीवरून मोटरसायकली अशाच नेतात, दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकून. आम्ही तेच केलं. शिडी लावली, वर सावलीला कापड. ऋचा आठवडाभर त्यावरून उतरली. म्हणाली, "बाई, आता दुसरी पाहूच नका."

साहेब तपासणीला आले. पाण्याच्या मधोमध फळीवर मांडी घालून फॉर्म भरायला बसले.

"बनवणाऱ्या कंपनीचं नाव?"

"माह्या आज्यानं कोरला एक," गणपतभाऊ म्हणाला. "दुसरा बापानं."

"आज्याचं लायसन्स आहे?"

मग त्यांनी खाली काहीतरी लिहिलं. मी समोर बसले होते, उलटं वाचता येतं मला. 'सदर ठिकाणी योग्य बोट उपलब्ध नाही.'

मी म्हटलं, "साहेब, हे तुमी याच बोटीवर बसून लिहून राह्यले."

"हो ना," साहेब म्हणाले. "म्हणून तर अक्षर एवढं छान आलं."

*

तलाव ठेकेदाराकडे गेला. आमच्यातली निम्मी घरं कामाला बाहेर पडली. गणपतभाऊ आता कुठे नेलं तरी जात नाही, घाटावर बसतो.

भर पावसाळ्यात ठेकेदाराची मंजूर बोट ट्रकवर आली. निळी, चमकणारी, कंपनीच्या नावाची. पण घाटाकडच्या रस्त्यावर नाल्याचं पाणी, ट्रक तलावाच्या पलीकडच्या काठावर अडकला. इकडे मंडप उभा, पाहुणे दुपारी येणार. साहेबांनी माणूस पाठवून मला बोलावलं.

मी म्हटलं, "पाण्यात सोडा न् वल्हवत आणा. बोटच हाय ना ते?"

साहेब गडबडले. "नाही नाही बाई, उद्घाटनाआधी ओली करायची नाही."

मग गणपतभाऊ उठला. आम्ही जोडडोंगा पलीकडे नेला, निळी बोट दहाजणांनी उचलून फळ्यांवर ठेवली, दोरांनी बांधली. साहेबही चढले, बोटीला हात धरून. मी पुढे बसले. मधोमध खोल पाण्यावर आलो तशी साहेबांनी खाली बघितलं.

"बाई, ही बुडणार तर नाही ना?"

मी मागे वळले नाही.

"साहेब, वरची विचारता का खालची?"