भिंतीला लावलेला ग्लास

नाशिकला माहेरी जाऊन सिल्वासाला परतले, तर न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी वाहिल्याचा आवाज. घरातले सगळे नळ बंद, तरी मधूनच खळखळ सुरू. वरचा फ्लॅट तर आम्ही आल्यापासून रिकामाच होता. मसाटला कामावर गेलेल्या नवऱ्याने फोनवर सांगून टाकलं, "प्लंबर बोलव आणि टाइल फोडायला सांग."

प्लंबर आला तो धुळ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. आल्या आल्या त्याने प्यायला पाणी मागितलं. इथे माझा जीव नव्या टाइलांसाठी तुटतोय आणि याला तहान! स्टीलचा ग्लास त्याने ओठांना न लावता वरूनच रिकामा केला, खांद्यावरच्या रुमालाने पुसला, भिंतीला टेकवला आणि त्याच्या तळाला कान लावला. मी काही बोलणार तोच त्याने हातानेच थांबवलं. मग डोळे मिटून असा काही हसला, की मला राहवेना.

"काय झालं?"

"तुम्हीच ऐका, ताई."

मी कान लावला. पाण्याची धार, बादली सरकवल्याचा आवाज आणि मग तान्ह्या बाळाचं रडणं.

"पानी तुमचं नाही, वरच्यांचं आहे. नवीनच राहायला आलेले दिसतात," हातोडा पिशवीत टाकत तो म्हणाला. दाराशी पोचल्यावर ग्लास माझ्या हातात दिला. "यात चहा भरून वर घेऊन जा. त्यांचा गॅस अजून जोडला नसेल."

मी चहाचं आधण ठेवलं, जरा जास्तच.