हा आलेख मी काढलो

"काढलो नाही, काढला म्हणावं. आणि उद्या पाहुण्यांसमोर तू बोलायचं नाहीस. तुझं तोंड उघडलं की गडहिंग्लजचा बाजार ऐकू येतो."

माझे मार्गदर्शक सर असं म्हणाले आणि विभागातले सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसायची सवय होती.

कोल्हापुरात मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. ऐंशी सालानंतरची गोष्ट. गाव गडहिंग्लजजवळचं नेसरी. त्यातही कडेची वस्ती. जात विचारावी लागत नाही, एवढा पत्ता पुरतो. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. वर्गात त्याची चेष्टा चालायची. मी दारात दिसले की कुणीतरी म्हणायचं, "आला बघा."

माझा प्रबंध क्ष-किरणांवर होता. दवाखान्यातल्या नव्हे, आभाळातल्या. फार लांबच्या एका दीर्घिकेच्या गाभ्यातून हे किरण येतात. जमिनीपर्यंत पोचत नाहीत, हवा त्यांना वरच गिळते. म्हणून मोजायचं यंत्र उपग्रहावर बसवून हवेच्या पलीकडं न्यावं लागतं. एका परदेशी उपग्रहानं केलेली मोजणी सरांनी मुंबईहून आणली होती. नुसते आकडे. कॉम्प्युटरच्या कागदाचा हा एवढा गठ्ठा. बाकीची मुलं नको म्हणाली. माझ्या वाट्याला आला.

आलेखाचे कागद एकाला एक खळीनं चिकटवून मी लांब पट्टी केली. एकेक आकडा टिंबानं मांडत गेले. पावसाळा संपला, थंडी सरली. बोटांना शाईचे डाग कायमचे.

आणि एका दुपारी रेघ कोसळली. किरण काही तासांत निम्म्यावर आले, पुन्हा चढले. वाटलं, माझंच चुकलं. परत काढलं. तसंच.

त्याचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. जी वस्तू काही तासांत मंदावते, ती तेवढ्या तासांत प्रकाश जितकं अंतर कापतो त्याहून मोठी असू शकत नाही. म्हणजे आभाळाच्या मानानं टिचभर जागा, आणि तिचं तेज अख्ख्या दीर्घिकेला भारी. मी टेबलावर हात आपटला. जन्मात पहिल्यांदा मला अशी गोष्ट कळली होती, जी मला कुणी शिकवली नव्हती.

सरांनी पट्टी उलगडून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मुंबईचे शास्त्रज्ञ येणार आहेत. त्यांच्यापुढं हे मांडू. तू नको, तो मांडेल."

तो म्हणजे माझ्याच वर्गातला एक मुलगा. वडील शहरातल्या राजारामपुरीतले वकील. इंग्रजी सफाईदार. सर म्हणाले, "त्याला नीट समजावून सांग." मी सांगितलं. दोन दिवस बसून सांगितलं. त्यानं बिस्किटं आणली होती. पुडा माझ्यापुढं सरकवला, माझ्यानंतर मात्र त्यातलं एकही घेतलं नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी मी चहाचे कप पुसायला घेतले. सर आले आणि हळूच म्हणाले, "ते शिपाई बघेल. तू हात लावू नकोस. कुणाला चालतं, कुणाला नाही."

म्हणजे बोलायचंही नाही आणि पाणीही द्यायचं नाही.

मी शेवटच्या बाकावर बसले. फळ्यावर माझी पट्टी टाचलेली. तो बोलत होता. माझी वाक्यं इंग्रजीत जात होती. शेवटी सर उठले. "या आमच्या हुशार विद्यार्थ्यानं वर्षभर एकट्यानं..."

एकट्यानं.

मी कधी उभी राहिले, मला कळलं नाही.

"सर, हा आलेख मी काढलो."

पहिल्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे. मुंबईचे पाहुणेही हसले, समजुतीनं, लहान पोरीला हसावं तसे. म्हणाले, "चहानंतर बोलू." चहानंतर कुणी बोललं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं, "प्रबंधावर सही हवी तर वडिलांना घेऊन ये."

माझे आबा गडहिंग्लजला गुळाच्या ढेपा उचलायचे. दिवसाचा रोज बुडवून एसटीनं आले. सरांच्या बंगल्यावर गेलो. सर व्हरांड्यात खुर्चीवर. आबा पायरीखाली, चपला लांब काढून. सर बसा म्हणाले नाहीत. आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पायरीवर ठेवली.

"सायेब, पोरगीचं चुकलं. पदरात घ्या."

"घेऊ की. तिनं त्या मुलाची माफी मागावी. आलेख त्याचाच, असं माझ्यासमोर म्हणावं. बास."

आबा माझ्याकडं वळले. "म्हण की गं. काय जातंय तुझं?"

मी टोपीकडं बघितलं. घामानं काठ पिवळा पडलेला. माझ्या बापानं असं किती दारांत ती काढून ठेवली असेल? मी टोपी उचलली, झटकली, आबांच्या डोक्यावर घातली.

"न्हाय म्हणणार."

सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "चार आकडे यायला लागले की तुमच्या लोकांना असंच होतं. जा."

रस्त्यावर येताच आबांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. स्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत राहिले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "तुला शिकवायला थोरल्याला शाळेतनं काढलो. कशापायी?"

आबा वारले तोवर तो प्रश्न मी वागवत राहिले.

सही मिळाली नाही. एम.एस्सी. अर्धवट राहिली. शोधनिबंध छापून आला, सरांच्या आणि त्याच्या नावानं. तो अमेरिकेला गेला. मी बी.एस्सी.च्या जोरावर गडहिंग्लजच्या शाळेत विज्ञान शिकवते. आभाळाकडं बघायला आवडत नाही, असं म्हणणार नाही. आवडतं.

गेल्या महिन्यात तो अमेरिकेहून आला होता, शाळेत येऊन भेटला. सर निवृत्त होतायत, मोठा सत्कार आहे, म्हणाला. गौरवग्रंथ काढतोय. "तुम्हीही सरांची एखादी आठवण लिहा. मागचं सोडून द्या."

"लिहितो की," मी म्हणाले.

लिहिली. हीच ती. एक शब्द खोटा नाही. ते छापणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. सत्कार रविवारी आहे. मी सकाळच्या एसटीनं जाणार, पुढच्या रांगेत बसणार आणि सरांच्या तोंडावर हे सगळं वाचणार, माझ्या भाषेत. बोलायला दिलं नाही तरी बोलणार.