कंट्रोलरवरचं कुंकू

लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर नीट करण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझी जीभ घरातही जरा जास्तच चालते. पण त्या दसऱ्याला ती जशी चालली, त्याची मला आजही लाज वाटते.

खंडेनवमीला तळेगावच्या घरी अवजारांची पूजा आटोपून बाबा एसटीनं नालवाडीला आमच्याकडे आले, सोबत वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. मी कामावर होतो. इथंही त्यांनी हात आखडता घेतला नाही. मिक्सर, इस्त्री, मोटरसायकल, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. टेबलावर माझे गेम खेळायचे दोन वायरलेस कंट्रोलर होते, तेही सुटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले दोघं सोनं द्यायला आले. म्हटलं, एक फुटबॉलचा डाव होऊन जाऊ द्या. पहिला कंट्रोलर लगेच जोडला गेला. दुसऱ्याचा दिवा लागला, पण पडद्यावर काही हलेना. सेल काढून पुन्हा घातले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तेच.

"आमचे कॉम्प्युटर असेच नीट करता का जी?" एकानं विचारलं. दुसरा हसला. तेवढ्यात मला बटणांच्या फटीत कुंकू दिसलं.

"बाबा, याले हात लावाले कोनं सांगितलं तुमाले?" मी ओरडलोच. "कुंकू गेलं ना आत. बिघडवून ठेवला."

"मशीन हाय म्हणून लावलं," बाबा हळूच म्हणाले. "मले नाई समजलं." कंट्रोलर मांडीवर घेऊन ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं एकेक बटण पुसू लागले.

मी नवे सेल शोधायला आतल्या खोलीत गेलो. पलंगावर ऑफिसचा लॅपटॉप उघडाच होता, आणि कंट्रोलर त्याला जोडला गेल्याचं त्यावर लिहून आलं होतं. चार दिवसांपूर्वी मीच तो तिथं जोडून पाहिला होता. चालू केला की गडी मुकाट तिकडंच जोडला जात होता. मी लॅपटॉपवरून तो काढून टाकला, बाहेर येऊन जोडणीचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि पडद्यावरचा खेळाडू पळू लागला.

"काय झालं होतं?" दोघांनी विचारलं.

"कुंकूच होतं," मी म्हणालो. "पुसल्यावर लागला."

"चूक माहीच होती," बाबा त्यांना म्हणाले. मी मान वर न करता डाव सुरू केला.

बाबा गावी परतल्यावर आईचा फोन आला. "तुह्या बाबानं फवारणीच्या पंपावरचं, विहिरीच्या मोटरवरचं, सारं कुंकू पुसून टाकलं. काऊन म्हटलं, तर म्हणे मशीनले चालत नाई. पोरगं शिकेल हाय, त्याले समजते म्हणे. खरं हाय काय रे?"

मी हो म्हणालो.