सिरियलमधली सासू आणि हरवलेली बोरमाळ

ती बोरमाळ मी आजवर विसरलो नाही, आणि ती सिरियलही नाही. निवृत्तीआधी मी फलटण भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावे सांगत नाही. त्या घरात आता सगळे सुखात आहेत.

एका बागायतदाराने अर्ज दिला. आईची बोरमाळ ट्रंकेतून गेली होती. सांगलीला पाहुण्यांच्या दहाव्याला सगळे घर गेले, पण पोराला ऐनवेळी ताप भरला म्हणून धाकटी सून मागे राहिली. तेव्हा संशय तिच्यावरच.

"सायेब, तिला जरा दमात घ्या, लगीच बोलंल," अर्जदार म्हणाला.

दमात घेतल्यावर माणूस बोलतो खरा, पण आपल्याला हवे तेच बोलतो. मी गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी लावली. सुनेचा नवरा, म्हणजे अर्जदाराचा धाकटा भाऊ, फौजेत, सीमेवर. जबाब देताना तिचा आवाज जराही हलला नाही.

"थोरलं दीर म्हणत्यात, माहेरी जा. चोरीचा शिक्का घिऊन म्या जायची न्हाई. ह्यास्नी फोनवर काय सांगू?"

मला तिचे पटले. पण पटण्यावर तपास बंद होत नाही.

आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार बाई सिरियलच्या भारी शौकीन. पोलिसाच्या कुटुंबाची एक मालिका तेव्हा जोरात होती. त्यातला फौजदार जेवतानाही इस्त्रीच्या वर्दीत, आणि स्टेशन डायरी त्याने बहुधा जन्मात पाहिली नव्हती! मी चेष्टा केली की बाई रुसायच्या. त्यांनीच खबर आणली, "साहेब, त्या बागायतदाराच्या घरी दुपारी अख्खी आळी सिरियल बघायला जमते. कालच्या भागात फौजदाराच्या आईची अंगठी गेलीय आणि आळ सुनेवर आलाय. आज तो भाग पुन्हा लागेल. चला, बायकांचं मत तरी ऐका."

साध्या कपड्यांत गेलो. भाग संपला तरी अंगठी सापडली नव्हती. मग काय, आळीतल्या बायकांनी तपास हाती घेतला!

"आवं, त्यो डायवरच चोर हाय!"

"डायवर कशाला? जाऊ बघा की, डोळं कसं फिरवती."

"नवरा फौजदार असून बायकोची बाजू घेईना. लय नेभळट!"

अर्जदाराची म्हातारी आई तेवढी पदराचे टोक पिळत बसलेली. मी विचारले, "मावशी, तुमचं काय मत?"

"म्हातारीनंच कुटंतरी ठिवली आसंल," ती हळूच म्हणाली. "इसरली आसंल. आन् आता एवढं झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगंल? सून पुन्यांदा आत्ती म्हनंल का तिला?"

बाकी सगळ्या चोर शोधत होत्या. ही एकटीच माफीच्या काळजीत होती. बायका पांगल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात म्हातारीजवळ बसलो.

"मावशी, त्या म्हातारीनं कुठं ठेवली असंल?"

तिचे डोळे भरून आले. "शाळूच्या पोत्यात."

दहाव्याला कोण दागिने घालून जाते? निघण्याच्या गडबडीत तिने माळ चोरांच्या भीतीने नव्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पोत्यात खुपसली आणि मनात मात्र राहिली नेहमीची ट्रंक. त्यांच्यात नवे धान्य निघाले की पहिले पोते लेकीचे. थोरल्याने ते लोणंदला बहिणीकडे पोचवलेही. म्हातारीला आठवले तेव्हा घरात सुनेवर आळ येऊन चुकला होता. हवालदार बाईंनी लोणंदला फोन लावला. लेकीने पोते मोकळे केले आणि तळाशी बोरमाळ निघाली.

सासू पाया पडायला वाकली, तशी सुनेने तिला धरले. "आत्ती, पाया नगा पडू. आळ चारचौघींत घेतला, तसं चारचौघींतच सांगा."

दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम गेलो. आळी जमली, मालिका सुरू झाली. म्हातारीने आवाज बंद करायला लावला आणि उभी राहून सगळे सांगितले. थोरला मान खाली घालून दारात उभा होता. तेव्हा सुनेने सासूला हाताला धरून आपल्याशेजारी बसवले.

"बसा आत्ती. आवाज वाढवू का?"

मला त्या वेळी भरून आले, हे कबूल करतो. मी अर्ज निकाली काढला. पुढे कित्येक चौकश्यांत मी आधी हेच विचारायचो, "सध्या कोणती सिरियल बघता?" स्वतःच्या घरातले जे ओठांवर येत नाही, ते माणूस पडद्यावरच्या घराबद्दल सहज बोलून जातो. हवालदार बाईंच्या सिरियलवेडाला मात्र मी त्यानंतर कधी हसलो नाही.